सोबत जोडलेलं पत्र

पान १.

"सकाळी गाडी गॅरेजमधून बाहेर पडली आणि दुपारी इंजिन जाम झालं. एवढंच ना?" मॅडमनी विचारलं.

"एवढंच," व्हॅनवाला म्हणाला.

तक्रार निवारणाच्या त्या खोलीत टेबल एकच होतं. पलीकडे मॅडम, अलीकडे व्हॅनवाला आणि गॅरेजवाला. खुर्च्या इतक्या लागून, की कोपराला कोपर लागू नये म्हणून दोघंही हात मांडीवर घेऊन बसले होते.

पान २. पान ३.

फोटो. व्हॅनच्या पोटाखालचं ऑइलचं चेंबर. नट असायला हवा तिथं बोटाएवढं भोक. दुसऱ्या फोटोत रस्त्यावर ऑइलची लांब काळी रेघ.

"ऑइल बदललं आणि खालचा नट आवळायचाच राहिला," व्हॅनवाला म्हणाला. "हातानं फिरवून तसाच सोडलाय, मॅडम. वाटेत गळून पडला."

"आवळला होता," गॅरेजवाला म्हणाला. "हा जातो त्या रस्त्यांवर माणसाचे दात हलतात, नटाचं काय घेऊन बसलात."

"माझे बरे शाबूत राहिले."

मॅडम हसल्या नाहीत, पण पान उलटताना त्यांनी गॅरेजवाल्याकडे एकदा रोखून पाहिलं. व्हॅनवाल्याला ते दिसलं. पाठ टेकून बसावं असं त्याला चार महिन्यांत पहिल्यांदा वाटलं. चार महिने व्हॅन ताडपत्रीखाली होती. तो दुसऱ्यांच्या गाड्यांवर बदली म्हणून जायचा, तेही कुणी आजारी पडलं तर. मागणं एकच होतं: गॅरेजनं इंजिन बसवून द्यावं.

पान ४.

गॅरेजचं बिल. मॅडमनी ते उलटं केलं. मागे बारीक अक्षरात नियम होते. नववा त्यांनी मोठ्यानं वाचला. ऑइलचा लाल दिवा लागल्यानंतर गाडी पुढे चालवल्यास होणाऱ्या नुकसानीस गॅरेज जबाबदार राहणार नाही.

"माझं म्हणणं तेच आहे," गॅरेजवाला म्हणाला. "दिवा लागल्या लागल्या बंद केली असती तर इंजिनाला काही झालं नसतं. यानं हाणली असणार पुढे."

"असणार म्हणजे? पुरावा काय?"

"पुरावा कुठून आणू? मी काय गाडीत बसलो होतो?"

"मग ते सोडा." मॅडमनी कागदावर काहीतरी खोडलं. "नट तुमच्याकडून राहिला, हे दिसतंय."

पान ५. पान ६. गाडीची कागदपत्रं.

पान ७.

"हे काय?"

"पत्र आहे. एका ताईंनी दिलेलं. त्यांच्या आईंना त्या दिवशी दवाखान्यात नेत होतो."

ते त्यानं स्वतःच जोडलं होतं. अर्जासोबत काय काय लावू, असं त्यानं कचेरीबाहेरच्या टायपिंगवाल्याला विचारलं होतं. टायपिंगवाला म्हणाला होता, तुझ्याबद्दल कुणी चार चांगले शब्द लिहून दिले असतील तर लाव, वजन पडतं. बारा वर्षं गाडी चालवून त्याच्याकडे तसा हा एकच कागद होता. नववा नियम त्यानं आत्ता पहिल्यांदा ऐकला.

मॅडम मनात वाचता वाचता थांबल्या. पानावर आवक शिक्का होता, वर आकडा होता. पान आता काढता येत नव्हतं.

"सोबत जोडलंय ना?" गॅरेजवाला म्हणाला. "मग मलाही ऐकू द्या."

त्यांनी वाचलं. "आईला श्वास घेता येत नव्हता. ओठ निळे पडले होते. वाटेत गाडीचा लाल दिवा लागला. दादा म्हणाले, ताई, आत्ता थांबलो तर इंजिन वाचेल. मी काही बोलले नाही. ते थांबले नाहीत."

गॅरेजवाल्यानं मान न वळवता विचारलं, "आजी कशा आहेत आता?"

"हिंडतात फिरतात."

"बरं झालं." तो मॅडमकडे वळला. "मॅडम, हे नोंदवून घ्याल ना?"

पान ८.

कोरं होतं. साक्षीदाराचा जबाब त्यावर घ्यायचा होता.

ताई इतका वेळ बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्या शाळेत शिकवायच्या. अर्ध्या दिवसाची रजा काढून आल्या होत्या. आत येताना व्हॅनवाल्याकडे बघून हसल्या.

"दिवा लागला तो दवाखान्याच्या फाटकापाशीच ना?" मॅडमनी विचारलं. "म्हणजे तुम्ही पोचतच आला होतात."

"मॅडम, उत्तर तुम्हीच सांगताय," गॅरेजवाला म्हणाला.

ताईंनी दोघांकडे पाहिलं. इथं दादांवर कुणाचा विश्वास नाही, असं त्यांना वाटलं.

"फाटकापाशी कसा? पाण्याच्या टाकीपाशी लागला. तिथून दवाखाना सहा किलोमीटर. मी रोज त्याच रस्त्यानं शाळेला जाते. लोखंड घासल्यासारखा आवाज येत होता, धूर यायला लागला, तरी हे थांबले नाहीत. दुसरा कुणी असता तर आम्हाला रस्त्यातच उतरवलं असतं."

"सहा," मॅडम म्हणाल्या.

"सहा. लिहा ना तुम्ही."

मॅडमनी लिहिलं. ताईंनी जबाब वाचून पाहिला, खाली सही केली, तारीख घातली, आणि नीट दिसावा म्हणून सहाचा आकडा पुन्हा एकदा गिरवला.

जाताना त्या व्हॅनवाल्याच्या खुर्चीपाशी वाकल्या. "दादा, माझा काही उपयोग झाला का?"

"झाला ना, ताई," तो म्हणाला. "शब्दन्‌शब्द लिहून घेतला. निघा तुम्ही, शाळेला उशीर होईल."