बला दको!

"बला दको!" ठमीने तोंडासमोरचा चमचा उडवला. आल्याचा रस आणि मध चादरीवर सांडला.

"अगं राणी, घशाला बरं वाटेल. एकच चमचा."

"दको! दाक दुखतंय!"

चार वर्षांची पोर सर्दीने पार बेजार झाली होती. ताप उतरला होता, पण नाक चोंदलेलं ते चोंदलेलंच. आईने करायचं ते सगळं केलं होतं. न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ सोडून तिला मांडीवर घेऊन वाफेत बसली होती. उशी उंच करून दिली होती. मिठाच्या पाण्याचे थेंब नाकात सोडले होते. थेंबांनी आतलं सैल व्हायचं, पण ठमीला शिंकरताच येत नव्हतं. शिंकर म्हटलं की ती सुर्रकन आत ओढायची, नाहीतर मेणबत्ती विझवावी तशी तोंडाने फुंकर मारायची.

समोरच्या पलंगावरून आजोबा हे सगळं बघत होते. बोलत मात्र नव्हते.

त्यांची सगळी हयात रेल्वे स्टेशनवर घोषणा करण्यात गेली होती. आवाज असा खणखणीत, की गाडी चुकली तर प्रवासी स्वतःलाच दोष द्यायचे, ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय नव्हती. मग अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि जीभ जड झाली. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी स्टेशनवरच्या जुन्या मित्राला फोन लावला. "कोण बोलतंय? नीट बोला हो, काही कळत नाही," असं दोनदा म्हणून मित्राने फोन ठेवून दिला. त्या दिवसापासून आजोबांनी तोंडाला कुलूप घातलं. बोलण्याचा सराव घ्यायला येणाऱ्या बाईंकडे ते पाठ फिरवून झोपत. काल जाता जाता बाई सुनेला, म्हणजे ठमीच्या आईला, हळूच म्हणाल्या होत्या, "त्यांना बोलता येईल. पण असेच गप्प राहिले तर जीभ आणखी जड होत जाईल." हळूच म्हणाल्या होत्या, पण आजोबांचे कान शाबूत होते.

"बाबा, थेंब संपले. कोपऱ्यावरून घेऊन येते," सून चपला घालत म्हणाली. "पटकन आले. तिच्याकडे जरा लक्ष असू द्या."

आजोबांनी मान हलवली.

दार लागलं आणि ठमीने भोकाड पसरलं. रडण्याने नाक आणखी बंद झालं. तोंडाने श्वास घेता घेता तिला ठसका लागला, ठसक्याने ती घाबरली, आणि घाबरून आणखी रडू लागली. आजोबा काठी टेकत उठले. तिच्या शेजारी बसले. डाव्या हाताने रुमाल तिच्या नाकाला लावला. स्वतःचे ओठ मिटून दाखवले. स्वतःच्या नाकावर बोट ठेवून दाखवलं. पण घट्ट डोळे मिटून रडणाऱ्या पोरीला खुणा काय दिसणार?

त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. ती आणखीच कळवळली. दारापलीकडे कुणाची चाहूल नव्हती.

आजोबांनी तोंड उघडलं.

"थोंद... बद."

स्वतःचा तो आवाज ऐकून त्यांच्याच अंगावर काटा आला. पण ठमी रडायची थांबली. तिने ओले डोळे उघडले.

"काय?"

"तोंद. बंद. कर."

तिने तोंड बंद केलं. ती हसली नाही. त्या मित्रासारखं 'कोण बोलतंय' असंही तिने विचारलं नाही.

"एक... दाक... धर. हं. आता... इंजिद. वाफ... सोड!"

ठमीने एक नाकपुडी दाबली, गाल फुगवले आणि जीव खाऊन सोडलं. असा काही आवाज झाला की दोघंही दचकले. रुमाल भरला. ठमी रुमालाकडे बघतच राहिली, जणू एखादं बक्षीस मिळालं होतं.

"आता... दुसरी!"

दुसरं इंजिनही सुटलं. मग तिने तोंड मिटून, नाकाने, लांबलचक श्वास घेतला. स्वयंपाकघरात गॅसवर सूप होतं.

"आजोबा! मला वास आला! सूपचा!"

'मला.' आजोबांच्या सरावलेल्या कानांनी तो 'म' अचूक टिपला. इतकी वर्षं त्यांनी लाखो माणसांना गाड्या सांगितल्या, पण इतकी वेळेवर आलेली गाडी त्यांना आठवत नव्हती. ते हसले. ओठ एकाच बाजूला गेले, तरी हसले.

"अजूद... एकदा?"

"नको, आता तुम्ही इंजिनाचं सांगा!"

मग दोघांचं चांगलंच जमलं. ती विचारत होती, ते सांगत होते. शब्द अडत होते, घसरत होते. ती थांबत होती. कळलं नाही तर "परत" म्हणत होती, आणि ते परत म्हणत होते. सून केव्हा आत आली ते दोघांनाही कळलं नाही. थेंबांची बाटली तशीच हातात धरून ती दारात उभी होती, आणि तिचे डोळे वाहत होते.

"बाबा! तुम्ही बोलताय?"

आजोबा ओशाळले. सवयीने ओठ मिटू लागले. ठमीने त्यांचा लुळा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि आईकडे अशा नजरेने पाहिलं, की एवढं साधंसुद्धा या मोठ्या माणसांना कसं कळत नाही!

"बोलतातच ते. त्यांना फक्त सर्दी झालीय. माझ्यापेक्षा मोठी आहे ना, म्हणून सुटायला वेळ लागतोय."