शेवटची चौकट

“मुलं शाळेत का येत नाहीत, ते विचारा,” परदेशी मॅडम म्हणाल्या.

दुभाषी बाईंनी विचारलं. वर्गात भिंतीला टेकून मुलांच्या पाच-सहा आया-आज्या बसल्या होत्या. त्यांनी आधी एकमेकींकडे पाहिलं, मग बाईंकडे. शेवटी जाड भिंगांच्या चष्म्याची एक आजी बोलली.

“बाई, तुम्हीच विचारता होय? तुम्ही गेलात, सरकारनं दुसरं कुणी दिलं नाही. पोरं यायची, रिकाम्या खुर्चीकडे बघून घरी जायची. किती दिवस येतील?”

आजी तडकून बोलली असती तर बाईंना सोपं गेलं असतं. पण ती अगदी शांतपणे बोलली.

बाई सहा वर्षं याच वर्गात शिकवत होत्या. मग मॅडमच्या संस्थेला दुभाषी हवा होता, आणि आसपास मॅडमची भाषा येणाऱ्या बाई एकट्याच. पगार चौपट. कुणीही गेलं असतं, असं त्या स्वतःला अजून समजावतात. संस्थेचं काम काय, तर मुलं शाळेत यावीत. हसू नका, खरंच तेच होतं.

“काय म्हणतायत?” मॅडमनी विचारलं.

बाईंनी भाषांतर केलं. “म्हणतायत, पोरांना शिकून काय दिवे लावायचेत?”

तोंडातून गेलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. मॅडमनी मात्र समजल्यासारखी मान हलवली आणि फॉर्म पुढे केला. “तुम्हीच भरा. तुम्हाला ही माणसं कळतात.”

फॉर्मवर दोन्ही भाषांत कारणं छापली होती, प्रत्येकापुढे एक चौकट. लांबचं अंतर, घरकाम, आजारपण, पालकांची अनास्था. शिक्षक नाही, हे कारण कुठंच नव्हतं. असतं तरी बाईंचा हात तिकडे गेला असता का, कोण जाणे. त्यांनी शेवटच्या चौकटीत खूण केली.

आजीची नात केव्हाची शेजारी येऊन उभी होती. तिला वाचायला बाईंनीच शिकवलेलं. तिनं ओळीखाली बोट धरलं आणि एकदाही न अडखळता वाचलं, “पालकांची अनास्था.”

आजीनं कौतुकानं नातीकडे पाहिलं.

नात पूर्वीसारखी बाईंच्या समोर मांडी घालून बसली. “बाई, अनास्था म्हणजे काय? वर्गात सांगायचात तसं सांगा ना, वाक्यात उपयोग करून.”