दोन खटके

नऊ पाहुणे चहाला बसले होते आणि तुर्दुबेकचा कॉम्प्युटर तिसऱ्यांदा बंद पडला होता. बटन दाबलं की नुसता पी-पी करायचा. पडदा काळाच.

तुर्दुबेक गुरांचे डॉक्टर. निवृत्त झाल्यापासून ते कुळाची वंशावळ लिहायला बसले होते. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी तलास गावातले कुळाचे सगळे म्हातारे त्यांच्या घरी जमत आणि नवी पानं वाचून घेत. बावीस पिढ्या झाल्या होत्या. त्या सगळ्या त्या पेटीत अडकल्या होत्या.

त्यांनी सुनेला हाक मारली.

जिपारा समोवारपाशी, चहाच्या बंबापाशी, बसली होती. मानाच्या पाहुण्याची वाटी अर्धीच भरायची. ती दोन घोटांत संपते, की पुन्हा भरायची. नऊ माणसं म्हटल्यावर सुनेला उठायला सवडच नसते. लग्न होऊन पाच महिने झाले होते आणि चहा ओतून तिचं मनगट दुखायला लागलं होतं. त्याआधी तीन वर्षं ती बिश्केकच्या बाजारात कॉम्प्युटर जुळवून द्यायची. गावातला दुकानदार एमिल तिला कामावर मागायला दोनदा घरी येऊन गेला होता. तुर्दुबेकनी दोन्ही वेळा त्याला दारातूनच परत पाठवलं. आमच्या घरची सून बाजारात बसणार नाही, म्हणाले. सासूबाई, उमसुनाय, नवऱ्याच्या देखत शेजारणींना सांगत, आमच्या सुनेला नोकरीची गरजच काय.

कॉम्प्युटर पहिल्यांदा बंद पडला तेव्हा दोष त्याच्या जागेचाच होता. तो थेट गालिच्यावर ठेवलेला. पंख्यातून इतकी लोकर निघाली की एका बाळाची टोपी झाली असती. उमसुनाय टॉर्च धरून कुरकुरत उभ्या होत्या आणि हे काय, ते काय, विचारत होत्या. जिपारानं रॅमची पट्टी काढली, तिच्या कडेचे पिवळे दात शाळेतल्या खोडरबरनं पुसले आणि खट् आवाज होईपर्यंत दाबून बसवली. ही नसेल तर मशीन जागंच होत नाही, असं तिनं सासूबाईंना सांगितलं. मग पेटी फळीवर चढवली.

पुढच्या महिन्यात, नेमक्या शुक्रवारीच, पट्टी निसटलेली सापडली. आपण नीट बसवली नसणार, असं वाटून जिपारा दोन दिवस खट्टू होती.

आज तिनं मेन बंद केलं, बाजूचं झाकण उघडलं आणि तिचा हात थांबला. पट्टी सुटून आडवी पडली होती. तिला धरून ठेवणारे दोन्ही टोकांचे खटके सताड उघडे होते. असे खटके अंगठ्यानं दाबल्याशिवाय उघडत नाहीत. एकावर पांढरं पीठ लागलं होतं.

तिनं ओढणीच्या टोकानं ते पुसून टाकलं. पट्टी बसवली. पडदा उजळला.

पण आता पूर्वज कुणालाच नको होते. एकाचं मशीन तापून बंद पडत होतं. जिपारा म्हणाली, तीन महिन्यांनी धूळ झाडा, पण झाडताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर ते गरगरून मोडतं. तरीही तापलं तर आतल्या चिपवरचं, उष्णता ओढून घेणारं, वाळलेलं मलम पुसून नवं लावावं लागेल. दुसऱ्याचं चालू व्हायला पाच मिनिटं लागत. नवं घ्यायची गरज नाही, तिनं सांगितलं, जुनी फिरती डिस्क काढून न फिरणारी एसएसडी टाका, शिंगरासारखं पळेल. तिसरा कागद-पेन मागायला लागला. समोवार निवला तरी कुणाच्या लक्षात आलं नाही.

सगळ्यांत वयस्कर बोरोनबाय आजोबांनी वाटी उपडी ठेवली.

"तुर्दुबेक, माझं मशीन तीन आठवडे एमिलकडे पडून आहे. म्हणतो, हाताखाली माणूस मिळत नाही. आणि तू तो माणूस इथं चहा ओतायला बसवलायस."

तुर्दुबेक खाकरले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, मग छताकडे.

"सोमवारपासून जाणारच आहे ती," ते म्हणाले. "माझं कधीच ठरलं होतं."

उमसुनाय दारात उभ्या होत्या. त्यांनी तोंड पाडलं.

"आणि पाहुण्यांचा चहा कोण ओतणार?"

"तू ओत. नाहीतर मी ओतेन."

म्हातारे हसले. तुर्दुबेकनी खरंच किटली उचलली आणि पहिलीच वाटी काठोकाठ भरली, पाहुण्याला उठा म्हणावं तशी. मग तर हसू आवरेना.

जिपारा स्वयंपाकघरात आली तेव्हा उमसुनाय कढईत बोरसोक, कणकेचे फुगीर तुकडे, तळत होत्या. त्यांचे हात कोपरापर्यंत पिठानं माखलेले होते.

"आपा," जिपारा सासूबाईंना हळूच म्हणाली, "रॅमची पट्टी आपोआप निघत नाही."

"मला सांगतेस? गेल्या महिन्यात काढायला अर्धा तास लागला. नख तुटलं." त्यांनी झारा फिरवला. "मेन मात्र बंद केलं होतं हो."

"मग त्यांना सरळ सांगितलं का नाहीत?"

"सरळ सांगितलं की ते नाही म्हणतात. त्यांचं त्यांना सुचावं लागतं."

जिपाराला हसू फुटलं. उमसुनायही हसल्या. मग त्यांनी तळलेले बोरसोक चाळणीत काढले, कढईत नवे सोडले आणि तेलाकडे बघतच म्हणाल्या,

"लग्नाआधी मी दोन वर्षं टेलिफोन एक्सचेंजला होते. तेव्हा या घरात बिघडवायला काहीच नव्हतं."