तपासणीला ताहेरा

अठ्ठ्याण्णव साल. सांगलीच्या कॉलेजातली चौघं, जगातल्या कुणीही सुधारावं अशा मोफत सॉफ्टवेअरवर काम करत होती. मागच्या खेपेला आटपाडीच्या ताहेरानं त्यात केलेली दुरुस्ती ते सांभाळणाऱ्या परदेशातल्या मंडळींनी घेतली, तिचं नाव जगभर गेलं, आणि तेव्हापासून साताऱ्याच्या सुधाकरला तिचं हसणंही सोसेना. आज कँटीनमध्ये कामं वाटताना तो घाईनं म्हणाला, "मराठी अक्षरं पडद्यावर आणायचं काम माझं. ताहेराला नुसतं बाकीच्यांचं काम तपासायला ठेवा." "अरं, सगळ्यात हुशार पोरीला हमाली?" चौघांतला धवल चिडला. ताहेरानं कप खाली ठेवला. "चालतंय की. पण तपासणारी हो म्हणल्याबिगर कुणाचंच काम पुढं जात न्हाई, आपलंच ठरलंय." सगळे सुधाकरकडं बघून हसले. त्याचे कान तापले. तरी तोंड गोड करून त्यानं विचारलं, "ताहेरा, तुला भजी सांगू?" "सांग की," ती म्हणाली, "पण चुका असतील तेवढ्या काढणारच."