डॅशबोर्डमधला सलिल

“आठ दिवस लागतील, काका,” साईनाथ म्हणाला. “या गाडीचा डॅशबोर्ड साधा नाही. टॅबच्या मापाची चौकट बनवून घ्यावी लागेल.”

“आठ दिवस नाहीत. आज दोनपर्यंत हवंय.”

साईनाथने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि समोरच्या म्हाताऱ्या माणसाकडे नीट पाहिलं. इस्त्रीचा शर्ट, पण पायात घरातल्या सपाता. मागे लाल, दोन दरवाजांची स्पोर्ट्स कार. प्रभाकर ती स्वतः चालवत डोंबिवलीहून शहाडला त्याच्या दुकानात आले होते. 

“मोबाइलसारखा होल्डर लावून देऊ का? दहा मिनिटांचं काम.”

“नको. होल्डरमधून काढून माझी बायको हातात घेईल. बोलायला लागेल, प्रश्न विचारेल. तो आत पक्का बसलेला हवा. आणि चालू-बंद माझ्या हातात.”

साईनाथला काही उलगडा होईना. तेव्हा प्रभाकरांनी टॅब सुरू करून त्याच्यापुढे धरला. याच गाडीत बसलेला, तिशीतला एक मुलगा हसत होता. “आई, बसलीस का नीट? आज कटकट करायची नाही हां. डायलिसिस करून आलो की गरम भात. चल, निघूया.”

“तुमचा मुलगा? मस्त बोलतो. मग त्यालाच पाठवा ना काकूंना न्यायला.”

“तो नाही आता,” प्रभाकर म्हणाले. “हा त्याचा जुना व्हिडिओ आहे.”

दोन महिन्यांपूर्वी सलिल ऑफिसात बसल्या जागी कोसळला. त्याच आठवड्यात त्याची आई, शुभदा, आयसीयूत होती. ती घरी आली तेव्हा नातेवाइकांनी ठरवलं, एवढ्यात सांगायचं नाही, तिला सोसणार नाही. कंपनीने जर्मनीला पाठवलंय, असं प्रभाकरांनी सांगितलं. मग ते रोजच सांगावं लागलं. तो मीटिंगमध्ये आहे. तिथे आता पहाट आहे. पुढे पुढे शुभदाने विचारणंच सोडलं.

आणि गेल्या आठवड्यात तिने हट्ट धरला. “सलिल नेईल तरच डायलिसिसला जाईन. त्याच्याच गाडीतून.” प्रभाकरांनी समजावलं, हात जोडले. ती हलली नाही. डायलिसिसच्या दोन वेळा चुकल्या. पाय सुजून घट्ट झाले, आडवं पडलं की तिचा श्वास कोंडायचा. आज सकाळी डॉक्टर फोनवर स्पष्टच बोलले, “आजची चुकली तर मी काही सांगू शकत नाही.”

 साईनाथने गाडीचा मूळ स्क्रीन उपसून काढला, वायरी मोकळ्या केल्या, प्लास्टिकची चौकट कापून कानशीने घासली. टॅब आत बसला. स्टिअरिंगजवळ त्याने एक छोटं बटण चिकटवलं. दाबलं की सलिल बोलणार होता.

दीड वाजता बटण दाबलं. सलिलचे ओठ हलले. आवाज आला नाही.

प्रभाकर तिथेच एका जुन्या टायरवर बसले. “होईल ना रे?” ते एवढंच म्हणाले. साईनाथने सगळं पुन्हा उघडलं. वीस मिनिटं तो डॅशबोर्डखाली डोकं घालून आडवा पडून होता. मग एकदम दुकानभर आवाज घुमला, “आई, बसलीस का नीट?” प्रभाकरांनी डोळे मिटून घेतले.

गाडीची किल्ली देताना साईनाथ हळूच म्हणाला, “काका, काकूंना सांगून टाका ना.”

“मरेल रे ती.”

घरी पोचल्यावर त्यांनी शुभदाला सांगितलं, सलिल गाडीत व्हिडिओवर बोलणार आहे, त्याने मुद्दाम तशी सोय करून घेतलीय. शुभदाने त्यांच्याकडे पाहिलं. मग तिने पदर सारखा केला. शेजारच्या क्षिप्राने एका बाजूने धरलं, दोघांनी मिळून तिला खाली आणलं, त्या बुटक्या गाडीत कसंबसं बसवलं.

प्रभाकरांनी बटण दाबलं.

“आई, बसलीस का नीट? आज कटकट करायची नाही हां…”

शुभदा पुढे वाकली. सुजलेला हात लांबवून तिने सलिलच्या गालावर बोट ठेवलं. बोट लागताच चित्र थांबलं. सलिल अर्ध्या उघड्या तोंडाने तसाच राहिला.

“नेट गेलं वाटतं,” प्रभाकर घाईघाईने म्हणाले. त्यांना बटण सापडेना. “जर्मनीतून कधीकधी असं होतं, आत्ता येईल…”

“किती दिवस झाले?”

“कशाला?”

“त्याला जाऊन.”

प्रभाकरांचा हात स्टिअरिंगवर तसाच राहिला. सोसायटीच्या फाटकातून कुणाची तरी स्कूटर आत आली, वळली, थांबली. मग ते म्हणाले, “त्रेसष्ट.”

शुभदाने मान हलवली. जणू तिचाही हिशेब तेवढाच होता.

“बाथरूममध्ये नळ सोडून रडता तुम्ही,” ती म्हणाली. “मला भिंतीपलीकडे सगळं ऐकू येतं. वाटायचं, आज सांगाल, उद्या सांगाल. म्हटलं, सलिलशिवाय जाणार नाही असं अडून बसले, तर कधीतरी तुमच्या तोंडून निघेल.”

प्रभाकरांचा चेहरा वेडावाकडा झाला. या वेळी कुठे नळ नव्हता. शुभदाने त्यांना रडू दिलं, स्वतःही रडली. मग पदराने आधी त्यांचे डोळे पुसले, मग स्वतःचे.

“चला आता,” ती म्हणाली. “चार तास मशीनवर पडायचंय मला. शेजारी बसा, आणि माझा सलिल कसा गेला ते पहिल्यापासून सांगा.”