नवसाच्या बोकडाचा विमा

"मावशी, बोकड पाळलाय कशासाठी?" फॉर्मवर पेन टेकवून सुषमाने विचारलं. "विकायला की पैदाशीला?"

तांबू बायजीच्या पायाला अंग घासत उभा होता. तो कशासाठी पाळलाय हे अख्ख्या पाड्याला ठाऊक होतं. सुषमालाही. ती पाड्यातलीच सून. शेळ्या-कोंबड्यांना लस टोचायचं शिकून आली म्हणून सगळे तिला पशुसखी म्हणायचे. दोन वर्षांमागे तलासरीच्या हायवेवर बायजीच्या तुषारची मोटारसायकल घसरली. पाय कापावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा बायजीने टेकडीवरच्या देवीला बोकड कबूल केला. पाय वाचला. तुषार आता कंपनीत आठ-आठ तास उभं राहून काम करत होता. आणि तेव्हा आणलेलं करडू शिंगं फुटून चांगलं दांडगं झालं होतं.

"नवसाचा म्हणून लिही," खाटेवर पडलेला लाहू, बायजीचा नवरा, म्हणाला.

"तसा रकाना नाही, काका."

"मग रिकामा सोड."

खालच्या पाड्यात नवशी नावाच्या बाईच्या दोन शेळ्या एकाच आठवड्यात गेल्या होत्या. एक तापाने, दुसरी साप चावून. तेव्हापासून बायजी दिवसातून चारदा तांबूच्या पोटावरून हात फिरवून बघायची. विम्याचं कानावर आलं तसं तिने चिकूच्या वाडीतली एका दिवसाची मजुरी बाजूला काढून ठेवली. आता ती नोट मुठीत होती आणि मूठ उघडत नव्हती.

"मेला तर पैसे मिळणार ना?" तिने परत विचारलं.

"मिळणार. आजार, साप, वीज, गाडीखाली आला, काहीही. फक्त कानातला बिल्ला दाखवायचा."

"नि कापला तर?"

"कापला तर नाही."

"म्हंजे मरायला पायजे, पन मारायला नाय."

सुषमाला हसू आलं. "तसंच काहीतरी."

"पैसे कोनाचे? माझे का देवीचे?"

"तुमच्या खात्यात येणार, मावशी."

"पन बोकड तर तिचा हाय."

सुषमाने फॉर्म उलटून मागची बाजू बघितली. प्रशिक्षणात हे कुणी सांगितलं नव्हतं.

लाहू मात्र खूश दिसला. "काढ गं. ह्याला काय झालं तर त्या पैशात दुसरा घेऊ. देवीचा बोकड चुकायचा नाय."

'दुसरा' म्हटल्यावर बायजीचा हात आपोआप तांबूच्या मानेवर गेला.

"मुदत एक वर्ष," सुषमाने लिहिता लिहिता मोठ्याने म्हटलं.

लाहू उठून बसला. "वर्ष? चैतात जत्रा हाय. दोन महिने राहिले. दोन महिन्यांचा काढ ना."

"तसा निघत नाही, काका. वर्षाचाच असतो."

"मग पैसे कशाला घालवायचे?"

प्रश्न त्याने सुषमाला विचारला होता, पण उत्तरासाठी बघितलं बायजीकडे. वर्षाचं तिला माहीत होतं. रविवारी दुकानावर सुषमाने सांगितलं होतं. बायजीने दोनदा विचारून घेतलं होतं, पुरं वर्ष ना? घरी येऊन मात्र लाहूला सांगितलं नव्हतं. का, ते तिलाही आत्ता सांगता आलं नसतं.

"मागल्या जत्रेला म्हनालीस, लहान हाय," लाहू हळूच म्हणाला. "आता काय म्हननार?"

तुषार दारात येऊन उभा होता. सुट्टीचा दिवस, अंगात बनियन. उभं राहताना तो नेहमीसारखा डाव्या पायावर भार टाकून उजवा सैल सोडत होता.

"आई, काढायचा तर काढ," तो म्हणाला. "माझ्या पायाकडे बघू नको."

पण ती बघतच होती. गुडघ्याखालून घोट्यापर्यंत गेलेली टाक्यांची रेघ. देवीने दिलेला पाय. देवीने तो परत मागितला तर? मग तिने खाली बघितलं. तांबू तिच्या मुठीतली नोट हुंगत होता, भात असेल म्हणून.

"काढ," ती म्हणाली आणि नोट सुषमाच्या हातात कोंबली. कुणासाठी काढ म्हणाली, बोकडासाठी, पोरासाठी की स्वतःसाठी, तिचं तिला उमगलं नाही. लाहूने बिडी काढली आणि न पेटवता नुसती धरून ठेवली.

तुषारने तांबूची मान काखेत धरली. सुषमाने कान औषधाने पुसला, चिमटा लावला आणि दाबला. 'कट' असा आवाज झाला. तांबू जिवाच्या आकांताने ओरडला, सुटला आणि बायजीच्या मागे जाऊन तिच्या गुडघ्यांत डोकं खुपसून उभा राहिला. कानात पिवळा बिल्ला, बिल्ल्यावर लांबलचक नंबर. बिल्ल्याच्या कडेला रक्ताचा थेंब जमला. तो खाली पडायच्या आत बायजीने बोटावर झेलला.

"कापूस देऊ?" सुषमाने विचारलं.

"थांब जरा."

तिने टेकडीकडे पाहिलं. मग लाहूकडे. तो तिच्या बोटाकडेच बघत होता. बोट तसंच वर धरून बायजी अंगणात उभी राहिली. पदराला पुसावं, का एवढ्यावर नवस फिटेल म्हणून वर जाऊन देवीच्या दगडाला लावावं, तिला काही केल्या कळेना.