काचेतली बोलकी पोर

दहावीत गेल्यापासून शिवांजली घरात बोलायचीच बंद झाली होती. हातात सदा फोन, आणि आईला उत्तर म्हणून नुसतं 'हं'. शेजारणी म्हणायच्या, "आवं, वयच हाय तसलं." पण पोर हातची निसटत चाललीय, ही धास्ती तिच्या आईला, दीपमालाला, झोपू देत नव्हती.

रविवारी भर दुपारी लाईट गेली, फोनची बॅटरीही संपली. तरी शिवांजली ओठ मिटून फोनच्या काळ्या काचेकडंच बघत बसली. शेंगा फोडत असलेली दीपमाला तिच्याजवळ सरकली आणि तिचे हात थांबले.

काचेत लेकीचाच चेहरा होता, आणि तो बोलत होता. भुवया उडवत, हसत, पूर्वी शाळेतून आल्यावर ती बोलायची तसा.

दीपमालाच्या अंगावर काटा आला. पोर लहानपणी दचकली की ती पाळण्यातल्या नावानं तिला हाक मारायची. तशीच तिनं आता मारली.

"चिमाबाई, चल माघारी! आई बोलावतीय."

काचेतले ओठ थांबले.

"आई," शेजारून घोगरा आवाज आला, "वर्गातल्या पोरी मला लय हसतात गं. कुणालाच सांगितलं न्हाई मी."

"मला सांग की, बाय."

मग पोर बोलायला लागली ती थांबेचना. बोलत बोलतच फोन खाटेवर टाकून उठली आणि भाकरी शोधायला आत गेली.

खाटेवरच्या काचेतला चेहरा मात्र तिथंच होता. दीपमालानं फोन पालथा घातला. खालून, काचेच्या आतून, टकटक ऐकू आली.

"बडव किती बडवायचंय ते," दीपमाला म्हणाली, आणि ताठ मानेनं लेकीला वाढायला गेली.